पंचवीसचा आकडा: इलेक्ट्रिक सायकल, फूटपाथ आणि दोनशे वर्षांचं भांडण

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देत आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावून फूटपाथवरून चालत असाल, तर आजच्या भागापुरता एक कान मोकळा ठेवा. का, ते कळेलच.

सुरुवात करूया न्यूयॉर्कपासून. तारीख २० मे १८९९. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरून जेकब जर्मन नावाचा एक टॅक्सीवाला सुसाट चाललाय. सुसाट म्हणजे किती? ताशी १२ मैल. आपल्या हिशेबात साधारण १९ किलोमीटर. हसू नका, तेव्हा तिथली मर्यादा सरळ रस्त्यावर ८ मैल आणि वळणावर ४ मैल होती. एका पोलिसाने त्याचा पाठलाग केला, गाठलं आणि सरळ कोठडीत टाकलं. मोटारगाडी वेगात चालवल्याबद्दल अमेरिकेत झालेली ही पहिली अटक, असं साधारणपणे मानलं जातं.

आता यातल्या दोन गमती बघा. एक, ती टॅक्सी इलेक्ट्रिक होती, बॅटरीवर चालणारी. आणि दोन, तिला पकडणारा पोलीस सायकलवर होता.

पोलीस सायकलवर का? तर चार वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याचे प्रमुख होते. हेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या काळात शहरात सायकलींचं वेड आलं होतं आणि खाली वाकून, हँडलवर छाती टेकवून, लोकांच्या अंगावरून सायकली हाणणारी पोरं ही मोठी डोकेदुखी झाली होती. त्यांना नाव पडलं होतं ‘स्कॉर्चर’. म्हणजे रस्ता जाळत जाणारे. त्यांना पकडायला रूझवेल्ट यांनी सायकलस्वार पोलिसांचं पथकच उभं केलं. म्हणजे १८९५ मध्ये गुन्हेगार सायकलवाला, आणि १८९९ मध्ये गुन्हेगार इलेक्ट्रिक गाडीवाला. चार वर्षांत खलनायक बदलला, रस्ता तोच राहिला.

हे सगळं आज सांगायचं कारण तुम्हाला माहीत आहे. हल्ली मी पुण्यात फूटपाथवरून चालतो तेव्हा मागून आवाज न करता काहीतरी येतं आणि कोपराला वारा लावून जातं. मागे वळून बघेपर्यंत पाठीवरची मोठी पिशवी तेवढी दिसते. त्या मुलाला दहा मिनिटांत कुणाच्या तरी घरी दूध पोचवायचं असतं. मला राग येतो, आणि राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही. म्हणून मी या भांडणाचा इतिहास वाचायला घेतला. तो निघाला दोनशे वर्षांचा.

आणि त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. चालणाऱ्यापेक्षा जलद, पण मोठ्या गाड्यांपेक्षा हळू, अशा मधल्या वेगाच्या वाहनाला रस्त्यावर स्वतःची जागा नसते. मग ते चालणाऱ्याच्या जागेत शिरतं. मग आपण वेगाचा एखादा आकडा ठरवतो आणि प्रश्न सुटला असं समजतो. आकडा लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण जागा न देता नुसता आकडा दिला की तो टिकत नाही. कसा टिकत नाही, ते बघूया.

मॅनहाइम, १८१७

सायकलच्या आजोबाचा जन्म जर्मनीतला. १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस नावाच्या माणसाने मॅनहाइम शहरातून आपलं लाकडी दोनचाकी यंत्र बाहेर काढलं. त्याला पायडल नव्हते. बसायचं आणि पायांनी जमिनीला रेटे देत पळवायचं, लहान मुलांची बॅलन्स बाइक असते ना, अगदी तशी. त्याने जाऊन-येऊन साधारण तेरा-चौदा किलोमीटरची फेरी एका तासाच्या आत मारली. माणूस चालतो ताशी पाच. म्हणजे हा चालणाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट वेग.

पण तेव्हाचे रस्ते म्हणजे घोडागाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, चिखल आणि खड्डे. दोन चाकांवर तोल सांभाळत त्यातून जायचं कसं? मग या हौशी लोकांनी काय केलं? गुळगुळीत फूटपाथवर गाड्या चढवल्या. आणि चालणारे लोक वैतागले. ओळखीचं वाटतंय?

झालं! लवकरच एकेका ठिकाणी बंदी यायला लागली. जर्मनीत आली, इंग्लंडमध्ये आली, अमेरिकेत आली आणि, बरं का मंडळी, आपल्याकडे थेट कलकत्त्यातही आली. या बंदीमुळे दोनचाकीची ती पहिली लाट तिथेच ओसरली आणि पुढची काही दशकं हे यंत्र जवळजवळ विसरलं गेलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: त्या लोकांना फूटपाथची हौस नव्हती. रस्ता त्यांना घेत नव्हता. बंदी आली ती त्यांच्या फूटपाथवर येण्यावर. रस्ता नीट करायचं कुणी मनावर घेतलं नाही.

घंटी आणि लाल बावटा

आता इंग्लंडला जाऊ. तिथे १८६५ मध्ये एक कायदा झाला. वाफेवर चालणाऱ्या गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल. शिवाय गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल बावटा घेऊन चालायचं. ताशी २ मैल म्हणजे आपण भाजी घ्यायला रमतगमत जातो साधारण तेवढाच वेग. गाडीने माणसाच्या मागून चालायचं, असा तो नियम.

सायकलीचं मात्र वेगळं झालं. आधी प्रश्न असा होता की सायकल म्हणजे नक्की काय? चालणारा माणूस, की गाडी? इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने सायकलला स्पष्टपणे ‘गाडी’ ठरवलं. याचा अर्थ रस्त्यावर तिला हक्क मिळाला आणि फूटपाथवरून ती हटली. त्याच कायद्यात आणखी एक अट होती. कुणालाही, चालणाऱ्यालासुद्धा, मागून ओलांडताना पुरेशा अंतरावरून घंटी किंवा शिटी वाजवून इशारा द्यायचा. मला हा कायदा आवडतो. त्याने वेगाचा आकडा सांगितला नाही. तुझी जागा कुठली ते सांगितलं आणि दुबळ्या माणसाला तू येतोस हे कळव असं सांगितलं. जागा आणि वागणूक, दोन्ही एकदम.

मग मोटारी आल्या आणि त्यांना चार मैल फार कमी वाटायला लागले. १८९६ मध्ये मर्यादा वाढवून १४ मैल करायची असं ठरलं आणि नोव्हेंबरमध्ये ती प्रत्यक्षात १२ मैल म्हणून लागूही झाली. पण त्याच्या तीनच महिने आधी, १७ ऑगस्ट १८९६ रोजी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई आपल्या मुलीबरोबर चालली होती. तिथे मोटारींच्या प्रात्यक्षिक फेऱ्या चालू होत्या. त्यातल्या एका गाडीने तिला उडवलं. ब्रिटनमध्ये मोटारीखाली जीव गेलेली ती पहिली पादचारी.

गाडीचा वेग किती होता? चालवणारा म्हणाला, ताशी चार मैल. बघणारे म्हणाले, भयंकर वेगात होती. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला आणि असं पुन्हा कधी घडू नये अशी आशा तिथल्या अधिकाऱ्याने व्यक्त केली.

एकाच गाडीबद्दल एक म्हणतो चार मैल आणि दुसरा म्हणतो भयंकर वेग. मला वाटतं दोघेही खोटं बोलत नसतील. गाडीत बसलेल्याला वेग वेगळा वाटतो आणि समोर उभ्या असलेल्याला वेगळा. आजही डिलिव्हरीवाल्या मुलाला विचाराल तर तो म्हणेल, “काका, हळूच तर चाललो होतो.”

आधी पायडल, मग मोटर

आता इलेक्ट्रिक सायकलकडे येऊ. तुम्हाला वाटेल ही काल-परवाची वस्तू. पण अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन याला मागच्या चाकाच्या मधोमध मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट मिळालं ते ३१ डिसेंबर १८९५ ला! म्हणजे रूझवेल्टचं सायकल पथक आणि इलेक्ट्रिक सायकलचं पेटंट एकाच वर्षातलं. बॅटऱ्या जड होत्या, पेट्रोल स्वस्त झालं आणि ही कल्पना शंभर वर्षं कपाटात पडून राहिली.

ती बाहेर काढली जपानने. १९९३ मध्ये यामाहाने ‘पास’ नावाची सायकल आणली. तिची खुबी अशी की मोटर स्वतःहून चालायची नाही. तुम्ही पायडलवर किती जोर देता ते सेन्सर मोजायचा आणि मोटर त्याच्या प्रमाणात मदत करायची. पाय थांबले की मोटर थांबली. जपानचा नियम असा होता की ताशी १५ किलोमीटरपर्यंत माणसाचा जोर एक तर मोटरचा जोरही एक. त्याच्या पुढे मदत कमी कमी होत जायची आणि २४ ला ती शून्य.

हे असं का केलं असेल? जपानमध्ये १९७० च्या दशकापासून अनेक फूटपाथांवर सायकलींना परवानगी आहे. रस्त्यावर मोटारींखाली सायकलवाले मरत होते, म्हणून त्यांना वर घेतलं. तिथे आई पुढेमागे दोन पोरं बसवून फूटपाथवरून जाते आणि शेजारून आजी काठी टेकत जाते. अशा ठिकाणी मोटर बसवलेली सायकल आणायची, तर ती सायकलसारखीच वागली पाहिजे. चढावर मदत, सपाटीवर सायकलचाच वेग. शिवाय फूटपाथवर असताना सायकलने लगेच थांबता येईल इतकं हळू जायचं आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा तिथला नियम आहे.

युरोपने २००२ मध्ये साधारण हाच विचार नियमात बसवला. मोटर २५० वॉटपर्यंत, तिची मदत हळूहळू कमी होत ताशी २५ ला पूर्ण बंद, आणि पायडल मारणं थांबवलं तर त्याआधीच बंद. एवढं पाळलं तर ती सायकल, नाहीतर ती मोटार वाहन. हाच तो आपल्या भागाच्या नावातला पंचवीस.

म्हणजे बघा, हा काही फूटपाथवर सुरक्षित असलेला वेग म्हणून प्रयोगशाळेतून आलेला आकडा नाही. सपाट रस्त्यावर चांगला दमदार सायकलवाला साधारण एवढ्या वेगाने जातो. सायकलीच्या वाटेवर ही गाडी इतर सायकलींत मिसळून जावी, एवढाच त्याचा हेतू. म्हणजे हा आकडा गृहीत धरतो की सायकलीची वाट आहे!

थोडं गणित, घाबरू नका

ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. समोर अचानक कुणी आलं, तर माणसाला कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. तेवढ्यात ७ मीटर गेले. मग ब्रेक लागल्यावर चांगल्या रस्त्यावर अजून ६ मीटर. एकूण १३ मीटर. म्हणजे एका पीएमपी बसच्या लांबीपेक्षा जास्त.

आता वेग १५ करा. एकूण अंतर साडेसहा मीटरच्या आत येतं. निम्मं. आणि वेग ४५ केला तर? ३२ मीटर.

धडकेचं गणित याहून वाईट. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेत शिकलोय. २५ च्या ऐवजी ४५ ने गेलं तर वेग दुप्पटही होत नाही, पण ऊर्जा सव्वातीन पट होते. आणि १५ ने गेलं तर ती २५ च्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उरते. त्यात वजन मिळवा. साधी सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर जड बॅटरीवाली गाडी, स्वार आणि पाठीवरची पिशवी मिळून सहज दीडशे. वेग तोच, धडक जवळजवळ दुप्पट.

म्हणून वाद जेव्हा ‘२५ चालेल की नाही’ असा होतो, तेव्हा विचारायला हवं: कुठे? सायकलीच्या स्वतंत्र वाटेवर २५ ठीक आहे. दीड-दोन मीटरच्या फूटपाथवर, जिथे दुकानातून माणूस सरळ बाहेर पाऊल टाकतो, तिथे २५ म्हणजे थांबायला जागाच नाही.

डच लोकांनी काय केलं?

आता सायकलवाल्यांच्या देशात जाऊ. नेदरलँड्समध्ये उत्रेख्त शहरात १८८५ मध्येच सायकलींसाठी वेगळी वाट झाली होती. म्हणजे जागा होती. तरी त्यांचं भांडण सुटलं का? नाही! कारण १९५० च्या दशकात तिथे मोपेड आल्या. पायडलही होते आणि छोटं इंजिनही, आपल्या जुन्या लूनासारख्या. १९७२ ची लूना पुण्यातच जन्मली, आणि तिलाही पायडल होते, हे आपल्या आईवडिलांना विचारा.

मोपेडला मोठ्या रस्त्यावर मोटारींचा धोका, म्हणून डच लोकांनी ती सायकलीच्या वाटेवर घातली. पुन्हा तोच न्याय: मधला वेग दुबळ्याच्या जागेत. सायकलवाले आणि मोपेडवाले एकमेकांवर आपटत राहिले. १९७५ मध्ये मोपेडला हेल्मेट सक्तीचं झालं. अखेर १५ डिसेंबर १९९९ पासून नियम बदलला: शहरी भागात मोपेडने सायकलीची वाट सोडून मोटारींच्या रस्त्यावर जायचं. लोकांना भीती होती की आता मोपेडवाले मोटारींखाली येतील. प्रत्यक्षात मोपेडच्या अपघातांत घट नोंदवली गेली. शहरात मोटारी आणि मोपेड यांच्या वेगात तेवढा फरक नव्हताच. फरक होता तो मोपेड आणि सायकल यांच्यात.

पण एक फट राहिली होती. ताशी २५ ची मर्यादा असलेल्या, निळ्या नंबरप्लेटच्या हलक्या मोपेडला ते ‘स्नॉर्फिट्स’ म्हणतात. तिला हेल्मेट नको आणि सायकलीची वाट खुली. मग काय होणार? लोकांनी त्याच घेतल्या, आणि इंजिनाला लावलेला वेगाचा लगाम काढून टाकला. अॅमस्टरडॅममध्ये वेग मोजला तेव्हा बहुतेक गाड्या २५ च्या वरच निघाल्या. कागदावर २५, वाटेवर ३५-४०. शेवटी ८ एप्रिल २०१९ पासून अॅमस्टरडॅमने शहराच्या मोठ्या भागात या गाड्यांनाही मोटारींच्या रस्त्यावर काढलं, डोक्यावर हेल्मेट घालून. आणि १ जानेवारी २०२३ पासून देशभर त्यांना हेल्मेट सक्तीचं झालं.

आता तिथे तेच भांडण जाड टायरच्या इलेक्ट्रिक ‘फॅटबाइक’वरून चालू आहे. शाळकरी पोरं आणि लगाम काढलेल्या मोटरी. गाडी बदलली, फट तीच.

चीनमध्येही हेच, फक्त आकार प्रचंड. तिथे १९९९ च्या मानकात इलेक्ट्रिक सायकलला ताशी २० आणि वजन ४० किलोपर्यंत अशी मर्यादा होती. कारखाने मर्यादेतली म्हणून गाडी विकत आणि दुकानात एक वायर तोडली की ती पळायला लागे. शेवटी २०१८ मध्ये नवं मानक आलं, एप्रिल २०१९ पासून लागू झालं: तेव्हा त्यात ताशी २५, वजन ५५ किलो, पायडल हवेतच आणि वेगाशी छेडछाड करता येणार नाही अशी रचना हवी, अशा अटी होत्या. पण मला चीनची दुसरी गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते. त्यांच्या २००४ पासून लागू असलेल्या वाहतूक कायद्यात बिनमोटारी वाहनांच्या वाटेवर इलेक्ट्रिक सायकलला ताशी १५ ची मर्यादा आहे. म्हणजे गाडीचा आकडा वेगळा आणि वाटेचा आकडा वेगळा! गाडी २५ ने जाऊ शकते म्हणून सगळीकडे २५ ने जायचं, असं नाही.

आपल्याकडे

आणि आता आपल्या दाराशी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक तरतूद आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक आणि चमकणाऱ्या रिफ्लेक्टरची सोय, आणि हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं. एवढं असेल तर ती बॅटरीवरची गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. तपासणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यातच आहे. कोथरूडकरांनो, तुम्ही सकाळी जिथे फिरायला जाता ती एआरएआयची टेकडी, तीच ती संस्था.

मोटार वाहन नाही म्हणजे काय? तर लायसन्स नको, नंबरप्लेट नको, मोटारसायकलची हेल्मेटसक्ती लागू नाही. आणि लायसन्सच नाही म्हटल्यावर त्याबरोबर येणारी वयाची अटही गेली.

इथे एक बारीक फरक आहे, तो नीट ऐका. युरोपची सूट पायडल मारणाऱ्या सायकलला आहे. आपल्या नियमात पायडलवाल्या सायकलचं वर्णन आहे, अगदी युरोपच्या शब्दांशी मिळतंजुळतं, पण सूट तेवढ्यापुरती नाही. पायडल नसलेली, नुसती हँडल पिळून पळणारी छोटी स्कूटरसुद्धा २५० वॉट आणि २५ किलोमीटरच्या आत असेल तर सुटते. म्हणजे पाय थांबले की मोटर थांबली, ही यामाहाची मूळ अक्कल आपण सोडली आणि आकडा ठेवला.

आणि आकड्याचं काय झालं? डच आणि चिनी लोकांचं झालं तेच. तपासणीला गेलेली गाडी एक आणि दुकानात बदल करून विकलेली गाडी दुसरी. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला अशा बेकायदेशीर बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. नंबरप्लेटच नाही, तर कॅमेऱ्यात पकडणार तरी कुणाला?

पण मी सुरुवातीला म्हटलं तसं, अर्धा प्रश्न आकड्याचा आणि अर्धा जागेचा. पुणे म्हणजे एके काळचं सायकलींचं शहर. माझे आजोबा सांगायचे, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचा. तेव्हा रस्त्यावर बहुसंख्य सायकलीच होत्या, म्हणून रस्ता त्यांचा होता. पुढे स्कूटर आल्या, मोटारी आल्या आणि सायकल कडेला गेली. २००६ नंतर बीआरटीच्या रस्त्यांकडेने सायकल ट्रॅक बांधले गेले. तुम्ही त्यातल्या एखाद्यावरून सलग एक किलोमीटर जाऊन बघा. मध्ये झाड येतं, विजेचा डबा येतो, पथारी येते, मग ट्रॅक अचानक संपतो आणि समोर असतो फूटपाथ.

भारतीय रस्ते काँग्रेस म्हणते की फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. दोन माणसं शेजारून चालली की तेवढी भरते. आता त्यात तिसरा घाला, ताशी २५ ने, आवाज न करता.

त्या मुलाच्या बाजूनेही बघू. डाव्या कडेला रिक्षा उभी, मागून बस हॉर्न देतेय, खड्डा टाळायचाय आणि मोबाइलवर घड्याळ उलटं चाललंय. मोठ्या रस्त्यावर तो सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत दुबळा आहे. फूटपाथवर तो सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत दणकट. मॅनहाइमच्या हौशी लोकांसारखाच तो वर चढतो. फरक एवढाच की ते हौसेने फिरत होते आणि याचं पोट त्यावर आहे.

मग करायचं काय?

इतिहास वाचून मला जे पटलं ते सांगतो, तुम्हाला पटेल न पटेल.

एक, सूट पायडलला द्या. पाय चालले तरच मोटर चालेल अशी सायकल आणि हँडल पिळून चालणारी स्कूटर यांना एका यादीत ठेवू नका. दुसरीला छोटी का होईना, नंबरप्लेट हवी, म्हणजे ती गर्दीत निनावी राहणार नाही.

दोन, गाडीच्या आकड्याबरोबर वाटेचा आकडा ठरवा. बागेतली वाट, नदीकाठची वाट, टेकडीचा रस्ता, जिथे लोक आणि चाकं एकत्र आहेत तिथे १५ किंवा त्याहून कमी. फूटपाथवर मात्र उतरून ढकलत न्यायचं.

तीन, सलग जागा द्या. रंग मारलेला तुकडा नको. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी वाट हवी. ती मिळाली तर त्या मुलाला वर चढायचं कारणच उरत नाही. आणि ती मिळाल्यावरही कुणी चढला, तर मग खुशाल दंड करा. आज आपण दंडाने सुरुवात करतो आणि वाटेचं काम तसंच पडून राहतं.

चार, ही गोष्ट आपल्या हातातली आहे. दहा मिनिटांत दूध मागवताना त्या दहा मिनिटांतली काही मिनिटं कुणाच्या तरी आजीच्या फूटपाथवरून जातात. अर्ध्या तासाचा पर्याय असेल तर तो निवडा. मी हल्ली निवडतो. दूध नासलेलं नाही अजून.

आणि तुम्ही स्वतः इलेक्ट्रिक सायकल चालवत असाल, तर तो १८८८ चा नियम आठवा. चालणाऱ्याच्या मागून जाताना लांबूनच घंटी वाजवा, वेग कमी करा, आणि शेजारून जाताना एक हात अंतर ठेवा. बॅटरीला आवाज नसतो, तो आपणच द्यायचा.

तुमच्या गावात काय चाललंय ते मला नक्की कळवा. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, ठाणे, पणजी, कुठूनही. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत किंवा ऑफिसपर्यंत फूटपाथ सलग आहे का, एकदा पायी जाऊन बघा आणि पावलं मोजा. कुठे तुटतो, किती वेळा रस्त्यावर उतरावं लागतं, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवेन.

भेटूया पुढच्या आठवड्यात. आणि हो, आता दुसराही कान मोकळा केलात तरी चालेल. रस्ता ओलांडायचाय ना?